काचेतली सासू

लग्न होऊन नागपूरला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. मागच्या खोलीत वेताची एक छान खुर्ची होती. तिच्यात बसून मी मटार सोलत होते. ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात दारात माझे सासरे येऊन उभे राहिले. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, चेहऱ्यावर वर्गात शिरतानाचा भाव. डोक्यावर पदर घ्यायचा की नको या विचारात मी असतानाच ते अतिशय अदबीनं म्हणाले,

"सुनबाई, खुर्ची जराशी मोकळी करतेस का? ती येऊन राहिली."

मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. खिडकी बंद होती. फक्त खिडकीच्या लाकडी फळीतून उन्हाचा एक तळहाताएवढा तुकडा आत उतरला होता आणि फरशीवरून हळूहळू माझ्या पायांकडे सरकत होता.

मटार तिथंच टाकून मी स्वयंपाकघर गाठलं. नवरा, म्हणजे प्रशांत, तिथं पेपर वाचत बसला होता.

"अहो, मागच्या खोलीत 'ती' येते म्हणजे कोण येते?"

"आई," तो पान उलटत म्हणाला.

"त्या तर वारल्या ना?"

"हो. म्हणून तर मागच्या खोलीत असते."

मी इचलकरंजीची. आमच्याकडेही भुतं होती, पण ती गावाबाहेर चिंचेवर असायची. घरात यायची नाहीत, आणि त्यांना खुर्ची तर कोणीच द्यायचं नाही. सासू नसलेलं घर बघून दिलं म्हणून माझी आई मांडवात किती समाधानानं रडली होती! तिला काय कळवणार मी?

आमच्या मामाजींची आणि माझी ही पहिली ओळख. विदर्भात सासऱ्याला मामाजी म्हणतात. हे मामाजी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे उमरेडचे कोष्टी. वडील मागावर बसायचे, उमरेडी लुगड्यांना जरीचे पदर विणायचे. मुलगा शिकला, प्राध्यापक झाला, पण मागावरची एक गोष्ट त्याच्या डोक्यातून निघाली नाही. वडील म्हणत, छापलेली बुट्टी कापडाच्या वर असते, विणलेली आत असते. बस. मामाजींनी अख्ख्या जगाची या एका वाक्यावर विभागणी करून टाकली होती.

"वर आहे का आत?" हा त्यांचा कुठल्याही वस्तूला पहिला प्रश्न. मी केलेल्या कचोरीचा तुकडा मोडून ते म्हणत, "मीठ वर आहे, सुनबाई. आत नाही पोचलं." शेजारच्या वहिनी नव्या पाटल्या दाखवायला आल्या, तर यांनी पाटली उजेडाला धरून विचारलं, "सोनं वर आहे का आत?" वहिनी त्यानंतर आमच्याकडे विरजण मागायलासुद्धा आल्या नाहीत. लग्नकार्यात ते अनोळखी माणसाच्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेत, काच तिरपी करून पाहत आणि "लेप आहे. वरवरचा आहे. जाईल," असं सांगून परत घालून देत. मत मागायला आलेल्या उमेदवाराच्या हसण्याकडे बराच वेळ निरखून त्यांनी नुसतीच मान हलवली होती.

घरात सासूबाईंचा एकही फोटो नव्हता. का, तर "फोटो वर असते. कागदाच्या वर."

म्हणजे सासूबाई आत होत्या. कशाच्या आत, ते मला कळायला वेळ लागला.

मी कॉमर्सवाली. मला समजावं म्हणून मामाजींनी एकदा माझ्या मळलेल्या कणकेचा गोळा ओट्यावर उभा केला, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून मूठभर तीळ नेम धरून त्याच्यावर मारले. निम्मे ओट्याखाली गेले, काही माझ्या केसांत, आणि काही कणकेत घुसले. "पाह्य," ते धापा टाकत म्हणाले, "हा तीळ वर लावला नाही. आत घुसला. वरून कणीक पुन्हा मिटली. आता पूस, धू, घास, जाणार नाही. असंच चांदीचे अणू काचेत मारतात. यंत्र असते त्याचं, खूप जोराचं. अणूले वीजभारित करायचं, पळवायचं आणि काचेत घुसवायचं."

"मग दिसतात ते?"

"एकएकटा अणू कोणाले दिसत नाही. ते आत भटकत राहतात. मग काच भट्टीत तापवली, की फिरतात, एकमेकाले भेटतात, त्यांचे बारीक बारीक पुंजके होतात. तेव्हा काचेले रंग येते. चांदीचा पिवळा. सोन्याचा लाल."

त्या दिवशीच्या पोळ्या तिळाच्या झाल्या. प्रशांतला वाटलं काही सण आहे.

बाकीची गोष्ट प्रशांतनं सांगितली. त्याच्या आईचं, शकुंतलाबाईंचं, लग्नातलं लुगडं आजोबांनी स्वतः विणलेलं होतं. पदरात खऱ्या चांदीची जर. कोष्ट्यांच्या घरात असं लुगडं विरलं की फेकत नाहीत. जाळतात. कापूस जळून जातो आणि खाली चांदी उरते. आई गेल्यावर ते लुगडं घडीवर घडीवर फाटायला लागलं. मामाजींनी एके दिवशी ते अंगणात जाळलं, राख सोनाराकडे नेली, त्यातून चांदीची एक छोटी गोळी निघाली. तिचं लोकांनी पैंजण केलं असतं, देवापुढचं निरांजन केलं असतं. मामाजी ती गोळी घेऊन रेल्वेनं लांबच्या एका प्रयोगशाळेत गेले, जिथं ते संशोधनासाठी नेहमी जात. तिथल्या लोकांच्या हातापाया पडून त्यांनी यंत्राच्या तोंडाशी आपली चांदी लावली आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काचेत आपली बायको घुसवून घेतली.

"पूर्ण नाही," प्रशांत म्हणाला. "मधेच यंत्र बंद पडलं. बाबांची पाळी संपली. डोस अर्धाच पडला."

अर्धवट सासू, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मी लगेच देवाला नमस्कार केला.

ती काच मामाजींनी मागच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीला, फळीत भोक पाडून बसवली होती. चारच्या सुमारास तिच्यातून ऊन यायचं. आधी फरशीवर उतरायचं, मग खुर्चीच्या पायाशी, मग मांडीशी यावं तसं बैठकीवर. तिथं थोडं टेकायचं. मग खुर्चीच्या पाठीवरून उठून भिंतीवर चढायचं आणि विझायचं. ऋतूप्रमाणे उन्हाची वाट बदले, तशी मामाजी खुर्ची हलवत. फरशीवर त्यांनी खडूच्या खुणा केल्या होत्या. त्या पुसल्या म्हणून कामाला येणाऱ्या बाईला एकदा कॉलेजातल्यासारखं वर्गाबाहेर उभं केलं होतं. पावसाळ्यात ऊनच नसे, तेव्हा ते चिडचिडे होत. "ती माहेरी गेली आहे," असं प्रशांत मला हळूच सांगे.

आणि ते बोलत. मी स्वयंपाकघरात असायची, आवाज यायचा. मामाजी एक वाक्य बोलायचे. मग थांबायचे. बरोबर तेवढाच वेळ, जेवढा दुसऱ्या माणसाला उत्तर द्यायला लागेल. मग "हो, ते पण आहेच" म्हणायचे. कधी हसायचे. त्या थांबण्याच्या वेळात मी हातातलं भांडं वाजू देत नसे. मला काही ऐकायचं होतं म्हणून नाही. ऐकू आलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

शिवाय निरोप यायचे.

"तुझी सासू म्हणते, वरणात हिंग जास्त झालं."

जिचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता, ती माझ्या वरणाची चव घेत होती. माझ्या मैत्रिणींच्या सासवा निदान चावून मग नावं ठेवत. एकदा माझं कानातलं हरवलं. तीन खोल्या उलट्यापालट्या केल्या. चार वाजले, मामाजी आत जाऊन आले आणि म्हणाले, "मोरीच्या जाळीत पाह्य म्हणते." कानातलं मोरीच्या जाळीतच होतं. माझा चेहरा पाहून मामाजी म्हणाले, "अवं, घाबरते काहून? मोरीतून पाणी हळू जाऊन राहिलं होतं. मी सकाळी पाहिलं होतं." मी हुश्श केलं. तर जाता जाता म्हणाले, "माझ्या ध्यानात नव्हतं. तिनंच आठवण दिली."

एकदा ते नात्यातल्या लग्नाला उमरेडला गेले. जाताना मला बजावून गेले, "चार वाजता ते दार लोटून ठेवू नको. एकटं राहाची सवय नाही तिले."

घरात मी एकटी. चार वाजले. मी दाराशी जाऊन उभी राहिले, उंबऱ्याच्या अलीकडे. ऊन फरशीवर होतं. सरकलं. खुर्चीच्या पायाशी आलं. बैठकीवर चढलं. आणि खुर्ची कुरकुरली.

उन्हानं वेत तापला की कुरकुरतो, हे मला माहीत आहे. माझ्या माहेरी वेताच्याच खुर्च्या होत्या. पण त्या कुरकुरल्यावर मी कधी "हिंग उद्यापासून कमी घालीन" असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. उजेडाचा तो तुकडा किंचित वर झाला, किंचित खाली झाला, श्वास घेतल्यासारखा. खिडकीबाहेर कडुनिंब आहे, त्याची फांदी हलली असेल. मी नंतर बाहेर जाऊन पाहिलं. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

आता खरी गोष्ट. मामाजी म्हणायचे तो उजेड पिवळा आहे. सुरुवातीला म्हणत, "अगदी फिका आहे. केळीच्या कोवळ्या पानासारखा." मग दर उन्हाळा संपला की म्हणायचे, "यंदा रंग चढला, सुनबाई. नागपूरच्या मे महिन्यापुढे भट्टी काय करते! आत पुंजके बनून राहिले." पुढे पुढे तो हळदीसारखा झाला, मग मधासारखा. त्या उजेडाकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते मी दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

मला तो उजेड पांढरा दिसायचा. साधं ऊन. मी तसं सांगितलंही. "नजर वरवरची आहे तुझी," ते म्हणत. प्रशांत मात्र "हो बाबा, पिवळाच आहे" म्हणून मोकळा व्हायचा. मी मनातल्या मनात हिरमुसायची. वाटायचं, सासूबाई मलाच दिसत नाहीत. हिंगाचा राग धरला असेल.

अशी बरीच वर्षं गेली, आणि मग मामाजी कपाच्या बाजूला चहा ओतायला लागले. एक दिवस हॉलमधल्या कूलरला "या, बसा" म्हणाले. दुसऱ्या घरात याचा अर्थ म्हाताऱ्याची नजर गेली असा सरळ झाला असता. आमच्या घरात, आणखी कोणी राहायला आलं की काय, हे आधी तपासावं लागलं. शेवटी ते अंगणाच्या पायरीवरून पडले, कोपर सोलून निघालं, तेव्हा आम्ही त्यांना धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. यंत्रातून पाहून म्हणाली, "काका, दोन्ही मोतीबिंदू मस्त पिकले आहेत. उजवा तर चहाच्या रंगाचा झाला आहे. तुम्हाला कितीतरी वर्षांपासून जग पिवळं दिसत असेल."

मामाजींनी तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं.

"माणसाला कळत नाही ना, हळूहळू होतं. दरवर्षी थोडं थोडं. ऑपरेशन झालं की बघा, पांढरं कसं पांढरं दिसेल!"

"दरवर्षी थोडं थोडं," मामाजी म्हणाले. एवढंच. रिक्षात ते दोन्ही हात मांडीवर ठेवून वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, ऑपरेशन करायचं नाही. प्रशांतनं समजावलं, मग ओरडला. "बाबा, आंधळे व्हाल!" "होऊ दे." डॉक्टरचा फोन आला, मोतीबिंदू फार कडक झाला तर नंतर काढणं अवघड जाईल. यांनी फोन माझ्या हातात दिला. महिनाभरात त्यांनी चहात ताक घातलं, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि खडूच्या खुणा दिसत नाहीत म्हणून खुर्ची हातानं चाचपत जागेवर लावायला लागले.

शेवटी एक दिवस मी चार वाजता आत गेले. ते फरशीवर बसले होते, खुर्ची समोर, रिकामी. ऊन तिच्या पायाशी आलं होतं.

"सुनबाई," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "खरं सांग. हा उजेड तुले कसा दिसते?"

"पांढरा."

"नेहमी?"

"नेहमी, मामाजी."

ऊन बैठकीवर चढलं. ते बराच वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात कोणीतरी उत्तर देत असेल असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुम्ही ही काच भट्टीत का नाही घातली?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणाला होता, तापवल्यावर रंग येतो."

"तिले मी स्वतः आग दिली," ते म्हणाले. "मग तिचं लुगडं जाळलं. मग ते सोनारानं वितळवलं. एका माणसाले किती वेळा जाळायचं वं?"

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले.

"मे महिन्याच्या उन्हानं काचेत पुंजके होतात, असं माझ्या वर्गातल्या पोरानं परीक्षेत लिहिलं असतं ना, तर मी शून्य दिलं असतं त्याले." ते किंचित हसले. "पण मले रंग दिसाले लागला होता. मी म्हटलं, दिसून राहिला तर मार्क कशाले कापू? आता ती डॉक्टर पोरगी म्हणते, रंग काचेत नव्हताच. माझ्या डोळ्यात होता. तो काढला, की गेली ती."

ऊन खुर्चीच्या पाठीवरून भिंतीवर गेलं आणि विझलं. आम्ही दोघं अंधारल्या खोलीत बसून राहिलो. खुर्ची कुरकुरली नाही.

दुसऱ्या दिवशी चारनंतर ते स्वयंपाकघरात आले. "विचारलं तिले," म्हणाले. "ती म्हणे, आधी तो जास्त पिकलेला, उजवा, करून घ्या. पडून हातपाय मोडले तर मी काही उठून येऊ शकणार नाही." प्रशांतनं सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र विचारलं, "आणि डावा?" मामाजी म्हणाले, "डाव्याचं ती काही बोलली नाही."

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी मला पाहिलं. "केस पांढरे काहून केले, सुनबाई?"

"मी नाही केले, मामाजी. आपोआप झाले."

"आणि ही भिंत निळी होती?"

"तुमच्याच पसंतीचा रंग आहे."

"मी पिवळा पसंत केला होता," ते म्हणाले, आणि दिवसभर घरातल्या एकेका वस्तूसमोर उभे राहून तिचा खरा रंग पाहत हिंडले. माझ्या स्टीलच्या डब्यांना त्यांनी मनापासून शाबासकी दिली. चार वाजायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, आज नका जाऊ, डोळ्याला विश्रांती द्या. ते गेले. मी दाराशी उभी राहिले.

ऊन आलं. फरशीवर, पायाशी, बैठकीवर. मामाजींनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि नव्या डोळ्यानं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"पांढरं आहे," ते म्हणाले. आवाज अगदी वर्गातला, फळ्यावरचं उत्तर वाचून दाखवल्यासारखा. मग थोड्या वेळानं, हळू, मला की तिला ते कळलं नाही, "चांदी तर आत आहेच. ती कुठं जाते? अणू एकएकटे फिरून राहिले असतील अजून. भेटले नसतील."

त्यांनी हात डाव्या डोळ्यावरून काढून उजव्यावर ठेवला. आणि इतका वेळ ताठ असलेले त्यांचे खांदे सैल पडले.

तपासणीला धंतोलीत गेलो, तेव्हा ती मुलगी खूश झाली. "काका, ए-वन! नजर अगदी तरुण माणसाची. आता दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात करून टाकू या? तोही पिकला आहे, काम देत नाही, नुसता रिकामा ठेवून काय उपयोग?"

मामाजींनी खिशातलं पेन नीट केलं. उत्तर द्यायच्या आधी ते क्षणभर थांबले, जसे मागच्या खोलीत थांबतात. मग त्या मुलीला समजावून सांगावं तसं, मायेनं म्हणाले,

"रिकामा नाही, डॉक्टर. तिथं जुनं बिऱ्हाड आहे. घर खाली करा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"